एक्सएमएल पत्रकें व जाव्हा-यंत्रणा: हस्तलिखितांच्या वर्णनसूचीचा एक प्रश्न, तीर्थपुरीच्या नमुन्यावरून

हस्तलिखितांच्या वर्णनसूच्या तयार करणाऱ्या संग्राहकांकडून आम्हांस अलीकडे एकच पृच्छा वारंवार होते. यादी संगणकावर एक्सएमएल नांवाच्या पद्धतीनें करावी असें एक जाणते सांगतात. दुसरे म्हणतात कीं, सर्व व्यवहार जाव्हा भाषेंतील मोठ्या यंत्रणेवर चालावा आणि प्रत्येक पोथी ही त्या यंत्रणेंतील एक ‘ऑब्जेक्ट’ व्हावी. दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलतात. परंतु या दोन पद्धती एकत्र आणतांना मधल्या सांध्यांतून काय गळून पडतें हें सहसा कोणी सांगत नाहीं; आणि जें गळतें तें बहुधा संशोधकाच्या दृष्टीनें सर्वांत मोलाचें असतें. प्रस्तुत लेखांत त्या सांध्याचाच विचार कर्तव्य आहे. संगणकशास्त्र हा या पृष्ठांचा नित्याचा विषय नव्हे हें आम्ही जाणतों. तथापि ज्या साधनांत आपलीं दफ्तरें उतरत आहेत त्याचा स्वभाव न ओळखणें म्हणजे कागद, शाई व बोरू यांची माहिती न घेतां पोथीचा काळ ठरवूं पाहणें होय.

प्रथम एक्सएमएल म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. मजकुरांतील प्रत्येक भागाच्या आरंभीं व अंतीं कोनी कंसांत नांवाची खूण घालावयाची, एका खुणेच्या पोटांत दुसरी पूर्णपणें मावली पाहिजे असा दंडक ठेवावयाचा, आणि सर्व मजकूर साध्या अक्षरांत ठेवावयाचा, इतकाच त्याचा सारांश आहे. जागतिक वेब संघानें हा नियमग्रंथ फेब्रुवारी १९९८ मध्यें प्रसिद्ध केला. जुन्या ग्रंथांच्या पाठासाठीं खुणांची पद्धत ठरविण्याचें काम त्याच्याही आधीं, १९८७ पासून, टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह म्हणजे टीईआय या नांवानें पाश्चात्य विद्वानांनीं चालविलें होतें. तें पुढें एक्सएमएलमध्यें आलें व त्याच्या २००७ च्या पांचव्या आवृत्तींत हस्तलिखितांच्या वर्णनासाठीं स्वतंत्र प्रकरणच आहे. पत्रांची संख्या, लांबीरुंदी, हात, पुष्पिका, बांधणी, मालकीची परंपरा, यांपैकीं आपल्या याद्यांत जें जें येतें त्या सर्वांस तेथें जागा आहे. खुणांचीं नांवें इंग्रजींतच हवींत असाही नियम नाहीं. देवनागरी नांवें एक्सएमएलला पहिल्या दिवसापासून मान्य आहेत, आणि जाव्हासही मान्य आहेत. हें पुष्कळ जाणत्यांस सांगितलें तरी प्रथम खरें वाटत नाहीं.

जाव्हा ही भाषा १९९५ मध्यें प्रसिद्ध झाली. तिची विचारसरणी निराळी. तींत जगांतील वस्तूंचे ‘वर्ग’ कल्पितात: पोथी हा एक वर्ग, स्थळ हा दुसरा, धनी हा तिसरा. प्रत्यक्ष पोथी ही त्या वर्गाची एक वस्तु, म्हणजेच ऑब्जेक्ट. तिच्या ठिकाणीं ठराविक रकाने असतात, आणि रकान्यांखेरीज तिला कृतीही येतात. पोथी कोणास वाचावयास दिली, परत केव्हां आली, धन्याची परवानगी छायाचित्रास आहे कीं नुसत्या वाचनास, एकाच पोथीसाठीं दोघांनीं एकाच क्षणीं मागणी केली तर कोणाची मान्य करावी, हीं कामें अशा यंत्रणेनें बिनचूक होतात. मोठ्या संस्थांच्या व्यवहारासाठीं १९९९ मध्यें या भाषेचा एक विस्तृत संच निघाला. त्यांत अनेकांचा एकाच वेळचा वापर, देवघेवीची नोंद, अधिकारांची वांटणी हें सर्व पूर्वींच बसविलेलें असतें. ग्रंथालयांत व विद्यापीठांत याचा प्रसार किती झाला हें पाहावयाचें असल्यास ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या भांडाराकडे बोट दाखवितां येईल. तें डीस्पेस नांवाच्या जाव्हा-यंत्रणेवर उभें आहे, आणि ती यंत्रणा एमआयटी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनीं मिळून २००२ मध्यें प्रथम बाहेर काढली.

आतां प्रत्यक्ष नमुना घेऊं. जालना जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांत तीर्थपुरी हें गांव आहे. समर्थ रामदासांचें जन्मस्थान जांब हें याच तालुक्यांत असल्यामुळें दासबोधाच्या प्रती या टापूंत मिळणें स्वाभाविकच. आम्ही पुढें दिलेली पुष्पिका मात्र कोणत्याही खऱ्या पोथींतील नव्हे; विवेचनासाठीं ती आम्हीं कल्पिली आहे, व लेखकाचें नांव मुद्दाम घातलें नाहीं. तिचें खुणा घातलेलें रूप असें:

<पुष्पिका>शके <वर्ष>१७०४</वर्ष> <संवत्सर>शुभकृत्</संवत्सर> नाम संवत्सरे मार्गशीर्ष शुद्ध ५ तद्दिनीं मौजे <स्थळ खूण="स्थ-१">तीर्थपुरी</स्थळ> येथें समाप्त <पत्रारंभ अंक="२१३"/>जाहला</पुष्पिका>

यांत दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली अशी कीं, येथें खुणा व मोकळा मजकूर एकमेकांत मिसळलेले आहेत. ‘शके’, ‘नाम संवत्सरे’, ‘तद्दिनीं मौजे’ हे शब्द कोणत्याही आंतल्या खुणेंत नाहींत, तरी ते पुष्पिकेचेच आहेत. दुसरी अशी कीं, २१३ वें पत्र वाक्याच्या मध्येंच सुरू होतें. दासबोधाचे २० दशक, प्रत्येकीं १० समास व समासांत ओव्या ही उतरंड एक्सएमएलच्या ‘पोटांत पोट’ या दंडकास अगदीं साजेशी आहे. पण पत्रांची उतरंड दुसरीच. लेखकानें पान संपलें म्हणून ओवी संपविली असें कधीं होत नाहीं. दोन्ही उतरंडी एकाच झाडांत बसत नाहींत. म्हणून टीईआयच्या रीतीस अनुसरून पत्राचा आरंभ ही पोकळ खूण केली आहे. वाटेंत मैलाचा दगड असावा तशी ती मजकुरांत उभी असते.

असलें पत्रक जाव्हा-यंत्रणेनें वाचावयाच्या मुख्य रीती तीन. डोम या रीतींत सबंध पत्रकाचें झाड स्मृतींत उभें राहतें; जणूं रुमाल सोडून सर्व फर्दा जमिनीवर मांडाव्या आणि हवी ती उचलावी. मांडणी फार सोयीची, परंतु रुमाल मोठा असला तर जमीन पुरत नाहीं. सॅक्स ही १९९८ ची रीत उलट आहे: कारकून एकामागून एक फर्द वाचून दाखवितो आणि आपण ऐकतां ऐकतां टिपून घ्यावयाचें, मागची फर्द पुन्हां वाचावयास तो थांबत नाहीं. २००४ मधील स्टॅक्समध्यें कारकून आपल्या ताब्यांत येतो. ‘पुढची वाच’ म्हटल्यावरच तो वाचतो. हजारों पोथ्यांची यादी एका दमांत भरावयाची असेल तर पाठीमागल्या दोहोंपैकीं एक, व एकाच पोथीचा पाठ सुधारावयाचा असेल तर पहिली, असा आमचा सल्ला आहे. याहून अधिक येथें सांगण्याचें कारण नाहीं.

खरा प्रश्न चौथ्या रीतीपाशीं उत्पन्न होतो. वरच्या तिन्ही रीतींत आज्ञावली लिहिणारास प्रत्येक खूण स्वतः हाताळावी लागते. तो कंटाळा टाळण्यासाठीं जॅक्सबी नांवाची ‘बंधन-पद्धति’ २००३ मध्यें निघाली. पत्रकाचा नियमतक्ता, ज्यास स्कीमा म्हणतात, तो तिला दिला कीं ती आपोआप जाव्हाचे वर्ग तयार करते. पत्रक दिलें कीं भरलेल्या वस्तु हातीं येतात. आणि वस्तु दिल्या कीं पुन्हां पत्रक लिहून मिळतें. आज्ञावलीकारास हें वरदान वाटतें, व बीजक, पावती, पगारपत्रक असल्या कागदांस तें आहेही. तेथें प्रत्येक शब्द कोणत्या तरी रकान्यांत असतोच. आमच्या पुष्पिकेचें मात्र काय होतें तें पाहा. रकाने चार: वर्ष १७०४, संवत्सर शुभकृत्, स्थळ तीर्थपुरी, पत्र २१३. ‘शके’ हा शब्द गेला. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी गेली, कारण तिला खूण नव्हती. ‘जाहला’ गेला. वस्तूंवरून परत पत्रक लिहविलें तर नीटनेटकें पत्रक बाहेर येतें, त्यांत व्याकरणाची एकही चूक नसते, आणि पुष्पिका मात्र नाहींशी झालेली असते.

याहूनही अवघड गोष्ट अशी कीं, या पद्धतीची दुसरी आवृत्ति आपल्या तक्त्यांत नसलेली खूण भेटली तर मूळ रीतीनें तक्रार न करतां ती ओलांडून पुढें जाते. आमच्या एका स्नेह्यांनीं वर्णनपत्रकें एका संस्थेकडे मोठ्या विश्वासानें दिलीं होतीं. हांशांतील टिपांस त्यांनीं स्वतःची एक जास्त खूण घातली होती. संस्थेच्या तक्त्यांत ती नव्हती. पत्रकें स्वीकारलीं गेलीं, पोंच आली, शोध घेतां पोथ्या सांपडूं लागल्या. पुढें केव्हां तरी त्यांनीं आपलींच पत्रकें परत मागविलीं तेव्हां हांशांतील एकही टीप त्यांत उरली नव्हती. त्यांचा मूळ संच घरीं शिल्लक होता म्हणून निभावलें. दोष कोणा माणसाचा असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यानें तक्ता केला त्यास हांसा ठाऊक नव्हता, इतकेंच.

उपाय आहेत, आणि ते त्याच पद्धतींत आहेत. तक्ता करतांना पुष्पिका हा ‘मिश्र मजकूर’ आहे असें सांगून ठेवल्यास रकान्यांच्या ऐवजीं शब्द व खुणा यांची एक क्रमवार मालिका मिळते. क्रम राहतो, शब्द राहतात. अनोळखी खुणांसाठीं ‘इतर कांहीं’ असा एक मोकळा कोनाडा ठेवतां येतो, म्हणजे जें समजलें नाहीं तें फेंकून न देतां जसेंच्या तसें बाजूस ठेविलें जातें. अनोळखी खूण दिसतांच काम थांबवून कळवावें अशीही आज्ञा देतां येते. शिवाय ‘बाइंडर’ म्हणून एक साधन आहे. तें मूळ झाड व वस्तु यांचा संबंध तुटूं देत नाहीं, वस्तूंत केलेला फेरफार झाडाच्या तेवढ्याच फांदींत करतें, आणि न बांधलेल्या भागास हात लावीत नाहीं. हें साधन आमच्या कामास सर्वांत जवळचें असून त्याचा उपयोग मात्र फार थोडे करतात.

पण साधनांपेक्षां धोरण मोठें. आमच्या जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द व खतावणी अशा दोन वह्या असत. जें घडलें तें घडल्या क्रमानें कीर्दींत. त्यावरून प्रत्येक खात्याची उकल खतावणींत. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हां मांडतां येते; कीर्द हरवली तर खतावणीवरून ती उभी करतां येत नाहीं. एक्सएमएल पत्रक ही आपली कीर्द समजावी व जाव्हांतील वस्तु ही खतावणी. शोध, मागणी, परवानगी, उसनवार यांसाठीं वस्तूंकडे जावें. पाठ व वर्णन यांचा अंतिम आधार पत्रकच ठेवावें. आणि वस्तूंवरून पत्रक नव्यानें लिहिण्याचा अधिकार यंत्रणेस कधींही देऊं नये. पत्रक बदललें कीं खतावणी पुन्हां मांडावी, हाच एक सुरक्षित मार्ग आहे. यांत जागा दुप्पट लागते व काम थोडें मंद होतें हा आक्षेप खरा आहे. परंतु पोथ्यांची यादी ही सराफाची पेढी नव्हे. येथें क्षणाचा विलंब सोसतो, शब्दाची हानि सोसत नाहीं.

यावरून वस्तु निरुपयोगी असें मात्र कोणी समजूं नये. कालनिर्णयाचें उदाहरण घ्या, कारण तेथें दोहोंची गरज स्पष्ट दिसते. स्कीमाच्या भाषेंत ‘वर्ष’ हा एक तयार प्रकार आहे आणि तो इसवी सनाचा आहे. ज्यानें तक्ता केला त्यानें सहज म्हणून वर्षाच्या रकान्यास तो प्रकार लावला तर ‘१५३०’ हा आंकडा बिनतक्रार मान्य होतो. समर्थांचा जन्मशक १५३०, म्हणजे इसवी १६०८. यंत्रणा मात्र समर्थांस बाबराच्या मृत्युसालीं जन्मास घालते, व ७८ वर्षांची ही चूक कोणत्याही नियमास बाधत नसल्यामुळें ती पकडलीही जात नाहीं. जाव्हाच्या आठव्या आवृत्तींत (२०१४) कालगणनेचा नवा संच आला, त्यांत हिजरी गणनाही आहे. परंतु शालिवाहन शकाची चांद्र गणना, शुहूर व फसली यांचा त्यांत पत्ता नाहीं. त्या आपणांस स्वतः बसविल्या पाहिजेत.

आणि त्या बसविल्या तर लाभ मोठा आहे. शुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. मृगाच्या सुमारास वर्ष पालटत असल्यामुळें महिना पाहून दोहोंपैकीं एक आंकडा घ्यावयाचा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी शब्द ११६१ चे. तें वर्ष १७६० च्या मृगापासून १७६१ च्या मृगापर्यंत चालतें, म्हणून पानिपतचा संग्राम त्यांतच पडतो. दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१ मिळवावयाचे. हैदराबाद राज्याचा जमीनमहसुलाचा कायदा १३१७ फसलीचा म्हणून ओळखला जातो, तो इसवी १९०७ चा. तीर्थपुरी १९४८ पर्यंत त्याच राज्यांत असल्यामुळें तेथील घराण्यांच्या कागदांत शक व फसली शेजारीं शेजारीं भेटणार हें उघड आहे. फसलीचा वर्षारंभ सर्वत्र व सर्वकाळ एक नव्हता, म्हणून राज्य व काळ न विचारतां बेरीज करणारी आज्ञावली एका वर्षानें फसेल.

संवत्सराचें नांव तर पडताळ्याचेंच साधन होय. दक्षिणी पद्धतींत शकाच्या आंकड्यांत १२ मिळवून ६० नीं भागावें. बाकी जी राहील तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा, आणि बाकी कांहींच न उरल्यास शेवटचा क्षय समजावा. आमच्या पुष्पिकेंत १७०४ आणि १२ मिळून १७१६. साठांनीं भागतां बाकी ३६. छत्तिसावा संवत्सर शुभकृत्. जुळलें. पुष्पिकेंत शोभकृत् असतें तर एक वर्षाचा घोळ आहे हें तत्काळ कळलें असतें, आणि मग शक चुकला कीं संवत्सर, कीं प्रत पाहून प्रत करणाऱ्यानें जुन्या पोथीचीच पुष्पिका उतरून ठेवली, हा पुढील विचार संशोधकाचा. हा पडताळा स्कीमाच्या साध्या तक्त्यांत मांडणें कठीण. तक्ता घडण पाहतो; अर्थ पाहत नाहीं. उलट ‘काळ’ नांवाचा एक वर्ग करून त्यास ही कृति शिकविली कीं हजारों पोथ्यांचे शक क्षणांत तपासले जातात. त्या वर्गांत मूळ शब्द, गणनेचें नांव व निघणारा इसवी कालखंड हीं तिन्ही ठेवावीं. एकच इसवी तारीख ठेवून मूळ शब्द टाकणें हा आमच्या मतें अपराध आहे; गणित पुढें सुधारेल, शब्द पुन्हां मिळणार नाहीं.

स्थळाचेंही असेंच आहे. तीर्थपुरी हें नांव याद्यांत ‘तिर्थपुरी’, ‘तीर्थपूरी’ असें कसेंही लिहिलें जातें. शिवाय त्याच नांवाचें एक तीर्थस्थान कैलासाच्या परिसरांत, तिबेटांत आहे. म्हणून नमुन्यांत स्थळास ‘स्थ-१’ अशी स्वतंत्र खूण दिली आहे. मजकुरांतील अक्षरें लेखकानें लिहिलीं तशींच राहतात, आणि कोणती तीर्थपुरी हें त्या खुणेवरून स्थळ-वर्गाच्या वस्तूकडे जाऊन कळतें. त्या वस्तूंत ‘जिल्हा’ असा एकच रकाना ठेवणें पुरेसें नाहीं. हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, १९५६ मध्यें मुंबई राज्यांत, १९६० मध्यें महाराष्ट्रांत आलें. जिल्हा औरंगाबाद होता तो १ मे १९८१ रोजीं जालना झाला. आणि औरंगाबादचें नांवही २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर झालें. १९३० सालच्या एखाद्या यादींत ‘जिल्हा औरंगाबाद’ असें असेल तर तें बरोबरच आहे. तें ‘दुरुस्त’ करूं नये. प्रत्येक नांवास कोठपासून कोठपर्यंत अशी मुदत जोडावी. वस्तूंना हें सहज साधतें, एका सपाट रकान्यास साधत नाहीं.

नांवांच्या गोंधळाचा एक मासला आपल्याच घरांतला आहे. ‘समास’ म्हणजे पानाचा कोरा हांसा, आणि दासबोधांत ‘समास’ म्हणजे दशकाचा पोटभाग. एकाच पत्रकांत दोन्ही खुणा आल्या तर यंत्रणेनें कोणता कोणता समजावा? एक्सएमएलमध्यें १९९९ पासून ‘नामक्षेत्र’ ही सोय आहे: प्रत्येक खुणेच्या आधीं तिच्या घराण्याचें नांव लावावयाचें, म्हणजे ‘पान:समास’ व ‘ग्रंथ:समास’ असे दोन भिन्न पुरुष होतात. जाव्हांत त्याच कामास पुडके असतात. दोहोंचा मेळ प्रारंभींच घालावा. मागाहून घालूं गेल्यास सर्व पत्रकांस हात लावावा लागतो.

मोडीविषयीं थोडें. मोडी लिपीस युनिकोडमध्यें जून २०१४ च्या सातव्या आवृत्तींत स्थान मिळालें. पण तें देवनागरीच्या शेजारीं नव्हे, पहिल्या ६५,५३६ स्थानांच्या पलीकडे. जाव्हा निर्माण झाली तेव्हां एक चिन्ह सोळा अंशांत मावतें असें गृहीत होतें. त्यामुळें देवनागरीचें चिन्ह ती एक मोजते व मोडीचें दोन. पाठांतील टीप ‘अमक्या चिन्हापासून तमक्या चिन्हापर्यंत’ अशी नोंदविली असेल तर मोडी पाठांत ती भलत्याच ठिकाणीं जाऊन बसते, आणि क्वचित् चिन्हाचे दोन तुकडेही होतात. २००४ च्या पांचव्या आवृत्तीपासून खरी मोजणी करण्याच्या आज्ञा जाव्हांत आहेत, त्याच वापराव्या. साठवणीच्या कोठारांतही हीच अडचण आहे. मायएसक्यूएल या प्रचलित कोठाराची मूळची युनिकोड-सोय तीन बाइटांपुरतीच होती, मोडीस चार लागतात. २०१० मध्यें चार बाइटांची सोय आली, परंतु जुन्या रीतीनें बांधलेल्या व शिथिल नियमांवर चालणाऱ्या कोठारांत पहिलें मोडी चिन्ह येतांच पुढील सर्व पाठ कापला जातो. देवनागरींतही एक खोंच आहे. ‘दऱ्या’ मधील रफार दोन भिन्न रीतींनीं टंकिला जातो. डोळ्यांस दोन्ही एक, यंत्रास दोन. युनिकोडची ठरलेली एकरूपता या दोहोंस एक करीत नाहीं. तो नियम आपणच घालावा, पण तो शोधाच्या खतावणींत, पाठांत नव्हे.

बाहेरून आलेलें पत्रक स्वीकारणाऱ्या संस्थांनीं आणखी एक सावधगिरी बाळगावी. एक्सएमएलच्या मूळ नियमांत असें आहे कीं पत्रकाच्या शिरोभागीं ‘अमक्या ठिकाणचा मजकूर येथें आणून घालावा’ असें लिहितां येतें. दुष्ट हेतूनें तें ठिकाण संस्थेच्याच यंत्रांतील गुप्त फाइलीचें दिलें, तर भाबडा वाचक-यंत्र ती फाइल उघडून पत्रकांत ओततो. ही सोय बंद ठेवण्याची आज्ञा प्रत्येक वाचनरीतींत आहे. ती दिली आहे कीं नाहीं हें आवर्जून विचारावें.

यंत्रणा टिकतात किती? जॅक्सबी २००६ पासून जाव्हाच्या मूळ संचांतच मिळे. २०१८ च्या अकराव्या आवृत्तींतून ती काढण्यांत आली व वेगळी आणावी लागूं लागली. संस्थांसाठीं असलेला विस्तृत संच २०१७ मध्यें ओरॅकलकडून एक्लिप्स प्रतिष्ठानाकडे गेला, त्याचें नांव जाकार्ता झालें, आणि २०२० मध्यें त्यांतील पुडक्यांचीं नांवेंच बदलल्यामुळें जुन्या आज्ञावल्या जशाच्या तशा चालेनाशा झाल्या. डीस्पेसचें एक दर्शनी अंग सबंध एक्सएमएलवर रचलेलें होतें. २०२१ च्या सातव्या आवृत्तींत तें गेलें. म्हणजे वीस वर्षांत खतावणीची वही तीन वेळां पालटली. १९९८ च्या नियमाप्रमाणें लिहिलेलें पत्रक मात्र आजही पहिल्या दिवसाइतकेंच वाचतां येतें. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला, त्याच्या बरोबर शंभर वर्षांनंतरचा हा नियम. त्या खंडाइतकें आयुष्य त्यास लाभेल कीं नाहीं हें पाहावयास आम्ही असणार नाहीं.

संस्थासंस्थांमध्यें याद्यांची देवघेव करण्यासाठीं २००१ पासून जी रीत रूढ आहे तींत किमान पंधरा रकान्यांचें सपाट वर्णन द्यावें लागतें. कर्ता, शीर्षक, तारीख, भाषा वगैरे त्यांत येतात. लेखक, म्हणजे नक्कल करणारा, व धनी यांस त्यांत स्वतंत्र जागा नाहीं. पुष्पिकेस तर नाहींच नाहीं. तें केवळ जाहिरातीचें पत्रक समजावें, व त्यांतून मूळ पत्रकाकडे जाण्याचा मार्ग ठेवावा.

संग्राहकांस आज्ञावली वाचतां येण्याची गरज नाहीं. आपलें एक अवघड पत्रक निवडावें: हांशांत टीप असलेलें, मध्येंच पान उलटलेलें, शकासह फसलीही असलेलें. तें यंत्रणेंत घालावयास लावावें व लगेच परत मागावें. मूळ व परत आलेलें अशीं दोन्ही पत्रकें ‘कॅनॉनिकल’ म्हणजे ठरीव रूपांत आणवावीं, कारण गुणांचा क्रम वगैरे निरर्थक फरक त्यानें मिटतात, आणि मग शब्दाशीं शब्द लावून पाहावे. तीर्थपुरीच्या नमुन्यांत पाहावयाचें तें इतकेंच: मार्गशीर्ष शुद्ध पंचमी जागेवर आहे काय, आणि २१३ व्या पत्राची खूण अजून ‘समाप्त’ व ‘जाहला’ यांच्या मध्येंच आहे काय.